‘पुण्यात भूकंप होत नाही’ असे म्हणणाऱ्यांना

पुण्यात भूकंप होत नाही, असे छातीठोकपणे सांगणारी माणसे नारायण पेठेत पावलोपावली भेटतात. ती अडाणी नाहीत. त्यांत निवृत्त अभियंते आहेत, प्राध्यापक आहेत, बांधकाम व्यवसायात हयात घालवलेले लोक आहेत. त्यांचे म्हणणे असे: पुणे दख्खनच्या काळ्या कातळावर बसले आहे आणि असा कातळ हलत नाही. जमीन सरकते ती हिमालयाखाली, जपानखाली. धक्के बसतात ते कोयनेला, तेही धरणामुळे. आणि कोयना कुठे, पुणे कुठे! कोयनेला जो मोठा व्हायचा तो १९६७ साली होऊन गेला. आता अधूनमधून जे छोटे धक्के बसतात ते चांगलेच, कारण त्यांतून जमिनीतला ताण निघून जातो. शिवाय सरकारी नकाशात पुणे तिसऱ्या विभागात, म्हणजे धोका मध्यम. आणि भूकंप कधी येणार हे कोणालाच सांगता येत नाही, तर मग त्याची चिंता वाहून उपयोग काय?

यातून काढलेला एकही निष्कर्ष तपासणीला टिकत नाही. ही नुसती पारावरच्या गप्पांतली चूक असती तर ती खोडून काढण्यात वेळ घालवण्याचे कारण नव्हते. पण घराचे खांब किती जाड ठेवायचे, त्यांत सळई किती घालायची, हे या समजुतीवर ठरते आहे. अशी समजूत चुकीची असली की ती माणसे मारते. महाराष्ट्रात तिने हजारोंनी मारली आहेत.

कातळापासून सुरुवात करू. दख्खनचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. सिंहगडावर उभे राहिले की याच्याखाली आणखी काही असेल असे मनातही येत नाही. पण कोयनेच्या परिसरात भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारच्या भूवैज्ञानिकांनी गेल्या दशकात खोल विवरे घेतली. त्यांतले गोठणे गावचे विवर तीन किलोमीटर खोल गेले. काळा दगड सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट लागला, अब्जावधी वर्षांचा, जागोजागी भेगाळलेला. लातूरकडच्या किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या विवरात तर काळा दगड साडेतीनशे मीटरच्या आतच संपला. आपले भूकंप जन्मतात ते कित्येक किलोमीटर खाली, त्या जुन्या खडकात. ज्या कातळाचा हवाला दिला जातो तो भूकंपाच्या जागेच्या वर पसरलेला आहे. वरचा थर कितीही टणक असला तरी खालच्या तुटणाऱ्या खडकाला तो कसा आवरणार? उलट टणक आणि थंड खडकातून कंप कमी विरतात, लांबवर जातात. तुलनेने लहान भूकंपही द्वीपकल्पात दूरदूरपर्यंत जाणवतो तो यामुळे. आणि दख्खन दाबापासून मुक्त आहे हेही खरे नाही. भारताचा सबंध भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला भिडलेला आहे. तो रेटा हिमालयाच्या पायथ्याशी येऊन संपत नाही. सगळ्या भूखंडाच्या अंगात तो भरलेला आहे, आपल्या पायाखालीही.

‘कोयना कुठे, पुणे कुठे’ या उद्गारामागे आणखी खोलवरची गैरसमजूत आहे. भूकंप एका बिंदूवर होतो आणि त्या बिंदूपासून आपले अंतर मोजले की धोका कळतो, अशी ती समजूत. वर्तमानपत्रांतल्या नकाशावरचा लाल ठिपका तिला खतपाणी घालतो. तो ठिपका फक्त सुरुवातीची जागा दाखवतो. खडकात जुना प्रस्तरभंग असतो. त्याच्या दोन बाजू एकमेकींवर दाबलेल्या, घर्षणाने अडकलेल्या असतात, आणि आसपासचा खडक वर्षानुवर्षे ताणला जात असतो. एके दिवशी एखाद्या जागी घर्षण कमी पडते. तिथला खडक सरकतो, त्याचा भार शेजारच्या अडकलेल्या भागावर पडतो, तोही सुटतो, आणि मग कापड टरकावे तसे ते फाटणे प्रस्तरभंगावरून सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने धावत सुटते. ते कुठे जाऊन थांबते त्यावर भूकंप केवढा हे ठरते. दहा-बारा किलोमीटरवर थांबले तर किल्लारी होते. तीनशे किलोमीटर धावले तर तुर्कस्तान होते.

तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे काय झाले ते पाहा. फाटण्याची सुरुवात पूर्व अनातोलियाच्या मुख्य प्रस्तरभंगावर झालीच नाही. ती झाली त्याच्या एका लहान फाट्यावर. तिथून ती मुख्य भेगेवर पोचली आणि दोन्ही दिशांना पसरली. तीव्रता ७.८. नऊ तासांनी उत्तरेकडचा निराळाच प्रस्तरभंग ७.५ तीव्रतेने फुटला. तुर्कस्तान आणि सीरिया मिळून पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली. न्यूझीलंडमध्ये कायकौरा इथे १४ नोव्हेंबर २०१६ रोजी एकाच भूकंपात डझनाहून अधिक प्रस्तरभंग एकापाठोपाठ फाटले. त्यांतले कित्येक एकमेकांपासून सुटे आहेत, सबब ते वेगवेगळे फुटतील, असे आधी धरले जात होते. म्यानमारमध्ये २८ मार्च २०२५ रोजी सगाइंगचा प्रस्तरभंग साडेचारशे किलोमीटरांहून अधिक लांब फाटला. ठिपका होता मंडालेजवळ. राजधानी नेपिडो दक्षिणेला कितीतरी दूर, तरी तिची दैना झाली. आणि हजार किलोमीटरवरच्या बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली, तीस मजल्यांहून उंच सरकारी इमारत क्षणात खाली बसली. त्या इमारतीवरच्या मजुरांना मंडालेचे अंतर सांगून काय उपयोग झाला असता?

या घटनांनी धोका मोजण्याची रीतच बदलली. पूर्वी प्रस्तरभंगाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याच्या लांबीवरून त्याचा सर्वांत मोठा भूकंप ठरवायचा, अशी पद्धत होती. तुकड्यांच्या सीमा भूकंप पाळील असे त्यात गृहीत होते. आता कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणची आकडेमोड अनेक प्रस्तरभंग एकत्र फाटण्याची शक्यता धरून केली जाते. जिथे शंभर वर्षे उपकरणे लावून बसलेले शास्त्रज्ञ आपले गृहीतक मोडीत काढतात, तिथे पेठेतल्या माणसाला एवढी खात्री कुठून येते?

पुण्याजवळ तीनशे किलोमीटर फाटेल असा प्रस्तरभंग कोणी दाखवलेला नाही, आणि आठ तीव्रतेचे भय घालून लोकांना घाबरवणाऱ्यांच्या बाजूने मी बोलत नाही. त्याची गरजही नाही. किल्लारी ६.२ ची होती.

आता धरणाचा मुद्दा. कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला, म्हणून तो जणू खऱ्या भूकंपांत मोडत नाही, अशा सुरात बोलले जाते. धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात १९६१-६२ पासून पाणी साठू लागले, मग धक्के सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसे गेली, कोयनानगरची बहुतेक घरे पडली, खुद्द धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि ती नंतर मजबूत करावी लागली. जलाशयाने यात काय केले? पाणी खडकातल्या भेगांत मुरले, तिथला दाब वाढला आणि प्रस्तरभंगाला अडकवून ठेवणारे घर्षण कमी झाले. फाटण्याची ताकद पाण्याची नव्हती. ती आधीपासून खडकात साठलेली होती. पाण्याने फक्त वेळ अलीकडे आणली. म्हणजे कोयनेचा भूकंप जे सिद्ध करतो ते या मंडळींच्या म्हणण्याच्या नेमके उलट आहे. सह्याद्रीच्या माथ्याजवळ, शांत समजल्या गेलेल्या कातळाखाली, तुटण्याच्या बेताला आलेला प्रस्तरभंग बसलेला होता आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता. तसा तो तिथे होता, तर तो फक्त तिथेच आहे असे कशावरून? जलाशयाखाली नसलेल्या प्रस्तरभंगांना पाण्याची फूस मिळालेली नाही, एवढाच याचा अर्थ. त्यांच्यात ताण नाही असे त्यातून निघत नाही. किल्लारीजवळ तर कोयनेएवढे मोठे धरणही नव्हते.

‘छोटे धक्के ताण सोडवतात’ हे वाक्य तर इतक्या सुशिक्षितांच्या तोंडी ऐकले आहे की त्याचा हिशेब मांडणे भागच आहे. तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दोन अंकांनी वाढली की हजार पट. १९६७ च्या एका ६.३ च्या भूकंपाची ऊर्जा किरकोळ धक्क्यांतून निघून जायची असेल तर ४.३ तीव्रतेचे हजार धक्के लागतील, ३.३ चे बत्तीस हजार. कोयना-वारणा परिसरात सहा दशकांत चारच्या वरचे दोनशेहून अधिक धक्के नोंदले गेले आहेत. चार तीव्रतेचे दोनशे धक्के एकत्र केले तरी त्या एका पहाटेच्या ऊर्जेच्या दहाव्या हिश्शालाही ते पोचत नाहीत. ज्या धक्क्याने भांडी वाजतात आणि माणसे दोन मिनिटे जिन्यात येऊन उभी राहतात, त्यातून साठा रिकामा होत नाही. छोटा धक्का सांगतो ते एवढेच की इथला खडक अजून तुटण्याच्या काठावर आहे. हे ऐकून निश्चिंत व्हायचे की सावध?

‘मोठा होऊन गेला’ या दिलाशाची परीक्षा न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये झाली. ४ सप्टेंबर २०१० रोजी त्या शहराच्या पश्चिमेला ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. ज्या प्रस्तरभंगावर झाला तो मैदानी वाळू-गोट्यांखाली गाडलेला होता, कोणत्याही नकाशावर नव्हता. जीवितहानी जवळपास झाली नाही. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. साडेपाच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०११ रोजी, शहराच्या कुशीतला दुसराच प्रस्तरभंग फाटला. तीव्रता पहिल्यापेक्षा बरीच कमी, ६.३ च्या घरातली, मृत्यू १८५. मोठा भूकंप ताण सोडवतो हे खरे आहे, पण ज्या भागावर तो फाटतो त्या भागापुरते. फाटण्याच्या टोकांपाशी आणि शेजारच्या भेगांवर तो ताण वाढवतो. तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ च्या इझमितच्या भूकंपानंतर तीनच महिन्यांनी, त्याच्या पूर्व टोकाला लागून, दुझजे फुटले ते याच कारणाने. आपल्याकडेही १९९३-९४ मध्ये धक्क्यांचा जोर कोयनेकडून दक्षिणेला वारणेकडे सरकला. ‘होऊन गेला’ हे भूतकाळातले विधान आहे. त्यातून भविष्याची हमी काढणाऱ्याने निदान कोणत्या भेगेची हमी देतो हे तरी सांगावे.

आता सरकारी नकाशा. या मंडळींचा हा आवडता दाखला, आणि त्यांच्या बाजूने सर्वांत कमी बोलणारा. १९६७ पूर्वीच्या भूकंपविभागांच्या नकाशात कोयनेचा परिसर जवळजवळ निर्धोक धरला होता. भूकंप झाला, आणि १९७० च्या सुधारणेत कोयना चौथ्या विभागात गेली. त्या नव्या नकाशात लातूर-उस्मानाबादचा पट्टा पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात राहिला. १९९२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर किल्लारीच्या आसपास धक्के बसत होते, लोक घाबरलेले होते, पण नकाशा त्यांना काही सांगत नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तो सर्वांत सुरक्षित विभाग उद्ध्वस्त झाला. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिले जातात. २००२ च्या सुधारणेत पहिला विभागच नकाशावरून काढून टाकला. आपला नकाशा दोनदा प्रेते मोजून झाल्यावर दुरुस्त झाला आहे, आणि आपण त्याच्याकडे बोट दाखवून झोपायला जातो.

तिसरा विभाग म्हणजे मध्यम. पण मध्यम म्हणजे सूट नव्हे. भारतीय मानकानुसार तिसऱ्या विभागातली इमारत भूकंपाचे आडवे बल धरूनच उभारावी लागते. २००२ च्या मानकात चौथ्या विभागाचा गुणांक ०.२४ होता, तिसऱ्याचा ०.१६, शून्य नव्हे. आणि तिसऱ्या विभागात काय होऊ शकते हे अहमदाबादने दाखवले आहे. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप, तीव्रता ७.७, अहमदाबादपासून सव्वादोनशे किलोमीटरांहून दूर. अहमदाबाद नकाशात पुण्याच्याच विभागात. तरी तिथे अनेक बहुमजली काँक्रीटच्या इमारती कोसळल्या, सातशेहून अधिक माणसे मेली. त्या इमारतींत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली: वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली पार्किंगसाठी मोकळा सोडलेला, नुसत्या खांबांवरचा तळमजला. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, त्यामुळे हादऱ्याची सगळी वाक तळमजल्याच्या खांबांवर येते. खांब वर आणि खाली, जिथे बीमला मिळतात तिथे, तुटतात आणि चार मजले एका मजल्यावर येऊन बसतात.

ही इमारत ओळखीची वाटते का? केळकर रस्त्यावरून चालत जा. मुंजाबाच्या बोळात शिरा, मोदी गणपतीच्या बाजूला जा, पत्र्या मारुतीच्या मागच्या गल्ल्या पाहा. गेल्या चाळीस वर्षांत वाडे पाडून ज्या इमारती झाल्या त्यांतल्या कितींचा तळमजला नुसत्या खांबांवर उभा आहे? कितींच्या तळमजल्यावर दुकानासाठी भिंत काढली, शटरसाठी खांब छिलला? प्लॉट अरुंद, म्हणून शेजारच्या इमारतीशी अंतर वीतभर, कधी तेवढेही नाही. दोन्हींचे स्लॅब एका पातळीत नाहीत. हादऱ्यात एकीचा स्लॅब दुसरीच्या खांबाच्या मध्यावर आदळणार, हे समजायला शास्त्रज्ञ लागत नाही.

या इमारतींच्या खांबात रिंगा कशा आहेत हे तर कोणीच पाहिलेले नाही. उभ्या सळयांना कवेत घेणाऱ्या या लोखंडी रिंगा भूकंपात खांबाला फुटू देत नाहीत. त्यांचे टोक काँक्रीटच्या गाभ्यात आत वळवावे लागते, १३५ अंशांत. काटकोनात वाकवून सोडले तर बाहेरचे काँक्रीट गळताच रिंग उघडते आणि सळया बाहेर फुगतात. साइटवर काटकोनात वाकवणे सोपे, पटकन होणारे. दोन्ही प्रकारचे खांब प्लास्टर झाल्यावर सारखेच दिसतात. आपल्या घरात यातले कोणते आहेत हे माहीत नसताना पेठेतला माणूस म्हणतो, मला भय नाही.

उरलेल्या वाड्यांची गोष्ट वेगळी, आणि अधिक दुखरी. किल्लारी-सास्तूरच्या घरांची जाड भिंत बाहेरून किल्ल्यासारखी दिसे. आत दगडाचे दोन पदर, मध्ये दगड-मातीची भर, चिखलाचा सांधा, आणि दोन्ही पदर एकत्र बांधणारा आरपार दगड नाही. वर मातीचे जड माळवद. धक्क्यात पदर सुटले, माळवद झोपलेल्यांवर आले. आमच्या पेठेतले वाडे लाकडी चौकटीचे आहेत. चौकट शाबूत असली, सांधे घट्ट असले, तर ती हादऱ्यात लवते आणि टिकते. पण किती वाड्यांची चौकट शाबूत आहे? मालक-भाडेकरू वादात तीस-तीस वर्षे कोणी खिळा ठोकलेला नाही. तुळयांची टोके भिंतीत कुजली आहेत. वर मागाहून चढवलेली खोली, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, ओल मुरून माती झालेला विटांचा सांधा. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि पावसाने एखादी भिंत पडली की दोन दिवस हळहळ होते. नुसत्या पावसाने जी भिंत पडते तिला सहा तीव्रतेचा भूकंप काय करील?

किल्लारीचा भूकंप अनंत चतुर्दशीच्या रात्री झाला. तिकडे विसर्जन करून गावे झोपली होती. पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. लक्ष्मी रस्ता आणि केळकर रस्ता माणसांनी गच्च भरलेला, दोन्ही बाजूंच्या जुन्या गॅलऱ्या बघ्यांनी भरलेल्या, बोळांतून बाहेर पडायला वाट नाही. क्राइस्टचर्चला जुन्या विटांच्या दर्शनी भिंती रस्त्यावर कोसळल्या आणि पायी चालणारी, बसमधली माणसे त्यांखाली गेली. तसा हादरा आपल्याकडे त्या रात्री आला तर काय, हा प्रश्न मिरवणुकीच्या नियोजनाच्या बैठकीत कोणी विचारला तर त्याला अशुभ बोलू नको म्हणतील. तरीही तो विचारला गेला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. नदीकाठचे घर कातळावर उभे आहे असे मानणाऱ्यांनी आपल्या पायाखाली एकदा खणून पाहावे. मुठेच्या काठी गाळ आहे, भराव आहे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची माती आहे. मऊ मातीत कंप वाढतात. १९८५ साली मेक्सिको शहर साडेतीनशे किलोमीटरांहून दूरच्या भूकंपाने मोडले, कारण ते जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेले होते. आपला गाळ तेवढा खोल नाही, पण ‘कातळावरचे पुणे’ म्हणताना लकडी पुलाजवळच्या घराला आणि चतुःशृंगीच्या टेकडीवरच्या घराला एकच न्याय लावता येत नाही. आणि ही नदी कोणत्या धरणांखालून येते हे या पेठेला सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले ते भूकंपाने नाही. पण त्या दिवशी सकाळी घरात पाणी शिरेल असे किती जणांनी धरले होते?

शेवटचा आधार: भाकीत करता येत नाही, तर चिंता कशाला? १२ जानेवारी २०१० ला हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि लाखाहून अधिक माणसे मेली. दीड महिन्याने, २७ फेब्रुवारीला, चिलीत ८.८ चा झाला. ऊर्जा सुमारे पाचशे पट. तिथे सव्वापाचशेच्या आसपास माणसे गेली. भाकीत दोन्हीकडे नव्हते. चिलीत १९६० च्या महाभूकंपापासून घरे कशी बांधायची याचे नियम होते आणि ते पाळले जात होते. दोन देशांतला सगळा फरक याने सांगून संपत नाही हे मला मान्य आहे. पण भाकिताविना माणसे वाचवता येत नाहीत, हे यापुढे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

या सगळ्याचा निर्णय आत्ता, या दहा-पंधरा वर्षांत होतो आहे. पेठेतले वाडे आणि जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. मी अशा बैठकींना बसतो. कार्पेट किती मिळणार, पार्किंग कोणाला, पर्यायी जागेचे भाडे किती, यावर रात्री अकरापर्यंत वाद होतो. या जमिनीत बोअर घेऊन माती तपासली का, आरसीसी सल्लागार कोण आणि त्याचे नकाशे दुसऱ्या कोणाकडून तपासून घेणार का, पार्किंगच्या मजल्यावर काँक्रीटच्या भिंती उभ्या करणार का, रिंगांचे हुक आत वळवले आहेत हे काँक्रीट ओतण्याआधी कोण पाहणार, हे प्रश्न विचारले की बिल्डरच्या आधी आपलीच माणसे म्हणतात, पुण्यात कुठे भूकंप होतो. २००२ च्या मानकात खुल्या तळमजल्याचे खांब हिशेबाच्या अडीचपट बलासाठी ठेवायला सांगितले होते. बैठकीतल्या किती जणांनी हे कधी ऐकले आहे? आज ओतलेला खांब पुढची पन्नास-साठ वर्षे तसाच उभा राहणार आहे. त्यात मागाहून रिंगा घालता येत नाहीत. म्हणून करारनाम्यात चटईक्षेत्राच्या कलमाआधी ही कलमे घाला, प्रत्येक मजल्याच्या सळईचे फोटो आणि स्वतंत्र तपासनिसाची सही मागा, आणि तोपर्यंत सही करू नका. ज्यांना वाटते की पुण्याखालचा खडक कधीच तुटणार नाही, त्यांनी ते लिहून द्यावे आणि त्याखाली आपले नाव घालावे.